मळभ दूर व्हावे, कांती राहावी

आज आश्विन शुद्ध प्रतिपदा. घरोघरी घट बसले, मातीत धान्य पेरले गेले आणि पहिली माळ चढली. आता नवव्या माळेला खंडेनवमी येईल. खंडा म्हणजे खड्ग. त्या खड्गाच्या नावाने ओळखली जाणारी ही तिथी महाराष्ट्रात आयुधपूजेची म्हणून पाळली जाते. सुताराच्या घरी करवत आणि पटाशी, शेतकऱ्याच्या घरी विळा आणि कोयता, लेखनिकाच्या घरी लेखणी पाटावर येते. ज्या घरी पिढीजात तलवार आहे तेथे ती म्यानाबाहेर निघते; आणि ज्या घरी वाडवडिलांपासून परवान्याची बंदूक चालत आलेली आहे तेथे तीही कपाटातून काढून, पुसून, हळद-कुंकू वाहून पूजिली जाते. कोकणात आणि घाटमाथ्यावर शेतीच्या राखणीसाठी परवान्याने घेतलेल्या बंदुका आजही आहेत. देशावरील जुन्या वाड्यांतूनही एखादी दुनळी बाराबोरी आजोबांची आठवण म्हणून जपलेली आढळते.

ही बंदूक वर्षाने बाहेर निघाली की घरातील मंडळींचा चेहरा थोडा उतरतो. जी नळी एके काळी कावळ्याच्या पंखासारखी निळसर काळी दिसत असे, ती धुरकट झालेली असते. तिच्यावर सायीसारखा पांढुरका थर दिसतो, कोठे तपकिरी ठिपके दिसतात. सण तर तोंडावर आलेला असतो. मग काय होते? ज्या हातांनी नुकतीच ताम्हन-पळी-पंचपात्री चिंच लावून लखलखीत केली, तेच हात तीच चिंच घेऊन बंदुकीकडे वळतात. घटकाभरात नळी खरोखरच चमकू लागते. पण ती पांढरी चमकते. साठ-सत्तर वर्षे टिकून राहिलेली निळी कांती चिंचेच्या पाण्याबरोबर मोरीत वाहून गेलेली असते, आणि ती काही केल्या परत येत नाही.

आजच्या लेखाचा विषय एवढाच. मळभ आणि कांती या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. पहिली दूर करावयाची आहे, दुसरी राखावयाची आहे. खंडेनवमीस अद्याप अवकाश आहे. हे काम उतावीळपणे न करता निगुतीने करण्यास तेवढा अवधी पुरेसा आहे.

शमीवृक्षावरील व्यवस्था

विजयादशमीला आपण शमीचे पूजन करतो आणि पांडवांनी अज्ञातवासाला जाताना आपली आयुधे शमीच्या झाडावर ठेवली ही कथा सांगतो. कथा सर्वांना ठाऊक आहे. परंतु विराटपर्वातील तपशिलाकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. आयुधे झाडावर ठेवण्यापूर्वी पांडवांनी आपापल्या धनुष्यांच्या प्रत्यंचा उतरविल्या. नंतर नकुल झाडावर चढला. त्याने पावसाचे पाणी थेट लागणार नाही अशा जागा पाहून तेथे ती आयुधे ठेवली आणि दोरांनी घट्ट बांधली. वर्षभराने विराटपुत्र उत्तराने ती खाली काढून त्यांची आवरणे सोडली, तेव्हा त्यांचे तेज पाहून तो चकित झाला. हे तेज दैवी होते हे खरेच. पण त्या तेजाला नकुलाच्या दक्षतेची जोड होती हेही व्यासांनी आवर्जून नोंदविले आहे.

कौटिल्याने अर्थशास्त्रात आयुधागाराच्या अध्यक्षाची कर्तव्ये सांगितली आहेत. शस्त्रे एकाच जागी पडू देऊ नयेत, त्यांची जागा वारंवार बदलावी, त्यांना ऊन आणि वारा द्यावा. उष्णता, ओल आणि कीड यांनी जी बिघडतात ती निराळी ठेवावीत, असा त्याचा दंडक आहे. सहाव्या शतकातील वराहमिहिराने बृहत्संहितेच्या खड्गलक्षण अध्यायात तर खड्गाचा आचारधर्मच दिला आहे. खड्ग अकारण उपसू नये, ते घासू-आपटू नये, त्यात आपले तोंड पाहू नये आणि त्याची किंमत सांगू नये, असे तो म्हणतो. शस्त्राचा आरसा करण्याची हौस फार जुनी असावी, म्हणूनच तिचा निषेध करण्याची वेळ त्या आचार्यावर आली.

या ग्रंथांत बंदूक असणे शक्य नाही. परंतु लोखंड तेच, ओल तीच आणि माणसाची घाईही तीच. म्हणून त्यांचे म्हणणे आपल्या बारा बोरच्या बंदुकीलाही तंतोतंत लागू पडते.

निळी झिलई म्हणजे काय

या झिलईला कारागीर ‘ब्लूइंग’ म्हणतात. पुष्कळांची समजूत अशी असते की तो एखादा रंग किंवा मुलामा आहे. वस्तुतः तो बाहेरून चढविलेला लेप नव्हे. लोखंडाच्या पृष्ठभागाचेच ते रूपांतर आहे. पावसाळ्यात लोखंडावर येणारा तांबूस गंज हे लोखंड आणि प्राणवायू यांचे एक संयुग; त्याच दोहोंचे दुसरे, काळे आणि घट्ट बसणारे संयुग म्हणजे ही झिलई. रसायनशास्त्रात त्याला मॅग्नेटाइट म्हणतात. निसर्गात सापडणारा चुंबकपाषाण याच द्रव्याचा असतो. संस्कृतात त्याला अयस्कांत, म्हणजे लोखंडाचा प्रियकर, असे मोठे सुंदर नाव आहे. बंदुकीच्या नळीवर जी निळसर कांती दिसते ती या अयस्कांताचीच अतिशय पातळ त्वचा होय.

ती चढविण्याची जुनी रीत ऐकण्यासारखी आहे. नळी गुळगुळीत करून, तिच्यावरील तेलाचा अंश काढून, तिला सौम्य आम्लयुक्त द्रावण लावीत आणि उबदार दमट जागी ठेवीत. तिच्यावर तांबूस गंजाचा बारीक थर धरे. मग ती स्वच्छ पाण्यात उकळीत. उकळताना तो तांबूस थर मखमलीसारखा काळा होई. सैल राहिलेली पूड मऊ तारेच्या कुंचल्याने काढून टाकीत आणि पुन्हा पहिल्यापासून आरंभ करीत. अशा कित्येक फेऱ्या झाल्यावर ती खोल निळसर काळी कांती सिद्ध होई. म्हणजे ज्या गंजाला आपण शत्रू समजतो, त्यालाच शिस्त लावून रक्षक केलेले आहे. विषाला औषधाचे रूप देणाऱ्या वैद्याचीच ही युक्ती.

विसाव्या शतकात कारखान्यांतून दुसरी, जलद रीत रूढ झाली. तीत दाहक सोडा आणि नायट्रेटचे क्षार यांचे पाण्यातील तीव्र द्रावण सुमारे १४० अंश सेल्सिअसच्या आसपास तापवून त्यात पोलादाचे भाग बुडवितात आणि थोड्या वेळात ते काळे-निळे होतात.

रीत कोणतीही असो, दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. पहिली ही की ही त्वचा माणसाच्या केसापेक्षाही कितीतरी पटींनी पातळ असते. तिला घासणे सोसत नाही. दुसरी ही की ती एकटी गंजाला अडवू शकत नाही. तिच्यावर तेलाचा किंवा मेणाचा पातळ थर असेल तरच ती लोखंडाचे रक्षण करते.

मळभ कशाचे

झिलई धुरकट दिसते तेव्हा ती नष्ट झाली असेच नव्हे. पुष्कळदा तिच्यावर काहीतरी साचलेले असते. आपल्या घरांत ते बहुधा स्वयंपाकघरातील तेल असते. दरवर्षी दसऱ्याला हाताशी असेल ते तेल बंदुकीला चोळण्याची चाल अनेक घरांत आहे. करडईचे आणि जवसाचे तेल हवेत सुकून त्याचा चिकट, पिवळसर पापुद्रा बनतो. जवसाचे तेल रंगकामात वापरतात ते याच गुणामुळे. खोबरेल तेल असे सुकत नाही, परंतु ते थंडीत थिजून पांढरे होते आणि जुने झाले म्हणजे खवट होऊन त्यात आम्लता येते. असे पापुद्रे वर्षानुवर्षे एकावर एक चढत गेले की त्यांत धूळ आणि देवघरातील निरांजनाची काजळी अडकते, आणि नळी मळकट दिसू लागते.

दुसरे कारण म्हणजे हाताचा घाम. घामात मीठ असते. कौतुकाने बंदूक हाती घेतलेल्या पाहुण्याच्या बोटांचे ठसे काही आठवड्यांनी तपकिरी होऊन उमटलेले दिसतात. तिसरे कारण आवरण. चामड्याच्या किंवा लोकरीच्या पिशवीत बंदूक सुरक्षित राहते असे वाटते. पण ती पिशवी हवेतील ओल शोषून धरते आणि चामडे कमावण्यासाठी वापरलेली द्रव्ये पोलादाला बाधतात. पिशवी प्रवासापुरती ठीक. कायमच्या मुक्कामाला नव्हे. चौथे कारण, निवडणुकीच्या दिवसांत परवान्याच्या बंदुका पुष्कळदा पोलीस ठाण्यात जमा कराव्या लागतात. त्या काळात तिच्यावर घरच्या माणसाचा हात फिरत नाही. जमा करण्यापूर्वीच तिला नीट मेण लावून ठेवले असेल तर परत येताना तिचे तोंड काळवंडलेले नसते.

आधी निर्धोक करावी

पांडवांनी प्रथम प्रत्यंचा उतरविल्या. आपणही प्रथम तेच करावयाचे. बंदुकीला हात परवानाधारकानेच लावावा, मुले दूर असावीत, नळीचे तोंड कोणाकडेही नसावे, आणि ती उघडून आत काडतूस नाही हे डोळ्यांनी पाहून व बोटाने चाचपून खात्री करावी. काडतुसे त्या खोलीतच नसावीत. घरात ठासणीची बंदूक असेल तर अधिकच जपावे. अशा बंदुकांत दोन-तीन पिढ्यांपूर्वी ठासलेली दारू तशीच राहिल्याची उदाहरणे असतात, आणि बाहेरून ते कळत नाही. यत्किंचितही शंका असेल तर स्वच्छतेचा विचार सोडावा आणि परवानाधारक शस्त्रकारागिराला विचारावे. पूजा एक वर्ष लांबली तरी देवी रुष्ट होत नाही.

पारख

आता मळभ आहे की कांतीच गेली आहे हे ओळखण्याची एक साधी खूण सांगतो. धुरकट जागी पातळ यंत्रतेलाचा, म्हणजे शिवणयंत्राला घालतात तशा तेलाचा, एक थेंब टाकावा आणि मऊ फडक्याने पसरावा. तेलाखालून खोल निळा-काळा रंग वर आला तर कांती जिवंत आहे. केवळ वरचा थर साफ करावयाचा आहे. फडक्याला तपकिरी डाग लागला तर बारीक गंज धरू लागला आहे असे समजावे. आणि तेलाखालूनही पांढरे लोखंडच चमकले तर तेथील झिलई झिजून गेली आहे. ती कितीही पुसली तरी परत येणार नाही. या एका थेंबाने पुढील सर्व श्रमांची दिशा ठरते.

मार्जन

काम उजेडात, खिडक्या उघड्या ठेवून करावे. रंगाच्या दुकानात मिळणारे मिनरल टर्पेंटाइन थोडेसे फडक्यावर घेऊन नळी हलक्या हाताने पुसावी. हे द्रव्य पेट घेणारे आहे. म्हणून देवघरातील अखंड दीप, उदबत्ती, शेगडी यांच्या जवळपास ते आणू नये. नवरात्रात घरात दीप सतत तेवत असतो, त्यामुळे हे काम दुसऱ्या खोलीत किंवा पडवीत करणे बरे. द्रव लाकडी दस्त्यावर सांडू देऊ नये. फडके मळले की बदलावे. जुने, धुऊन मऊ झालेले धोतराचे फडके यासाठी उत्तम. जुना तेलाचा पापुद्रा एकदम निघत नाही. ओले फडके काही मिनिटे तेथे ठेवून तो मऊ होऊ द्यावा आणि मग पुसावा. नखाने किंवा सुरीने खरवडू नये. बहुतेक बंदुकांचे मळभ एवढ्यानेच फिटते आणि घरच्या मंडळींना आपली बंदूक मुळात इतकी सुंदर होती याचे नवल वाटते.

गंजाचे ठिपके असतील तर त्यांवर यंत्रतेल लावून ते रात्रभर मुरू द्यावे. दुसऱ्या दिवशी जुन्या तांब्याच्या पैशाची कड त्या ठिपक्यावर हळू फिरवावी. तांबे पोलादापेक्षा मऊ असल्याने ते गंज सोडविते, पण पोलादाला ओरखडा काढीत नाही. गंज पसरट असेल तर ०००० या क्रमांकाची, म्हणजे सर्वांत बारीक, पोलादी लोकर मिळवावी. ती तेलात भिजवूनच वापरावी, कोरडी कधीही वापरू नये. आणि प्रथम दस्त्याजवळच्या न दिसणाऱ्या कोपऱ्यावर करून पाहावे. चार-पाच वेळा फिरवावी, पुसावे, पाहावे. निळा रंग फिकट होतो आहे असे दिसताच थांबावे. भांडी घासण्याची तारेची घासणी ही पोलादी लोकर नव्हे. तिने नळीवर कायमचे चरे पडतात.

शेवटी उरलेले तेल व धूळ कोरड्या फडक्याने पुसून घ्यावी आणि मेणाचा अगदी पातळ हात द्यावा. वस्तुसंग्रहालयांत यासाठी सूक्ष्मस्फटिकी मेण वापरतात. लंडनच्या ब्रिटिश म्यूझियमच्या प्रयोगशाळेत १९५० च्या दशकात असे एक मेण तयार झाले आणि ते आता जगभर वापरले जाते. असे मेण लावून, थोडा वेळ सुकू देऊन, स्वच्छ फडक्याने हलके चोळले की नळीवर मंद, खोल तेज येते. आरशाची चकाकी येत नाही. आणि तीच योग्य खूण आहे. मेण न मिळाल्यास बंदुकीचे म्हणून मिळणारे खनिज तेल फडक्यावर दोन थेंब घेऊन फिरवावे. तेल ओतू नये. ते खाली उतरून दस्त्याच्या लाकडात मुरते व लाकूड कुजते. उभी ठेवावयाची असल्यास नळीचे तोंड खाली करून ठेवावी, म्हणजे तेल लाकडाकडे जात नाही.

काय करू नये

चिंच, लिंबू, आमसूल, व्हिनेगर आणि बाजारातील गंज काढण्याची आम्लयुक्त द्रव्ये यांतले काहीही बंदुकीला लावू नये. ही आम्ले तांबूस गंज विरघळवितात, पण निळी झिलईही त्याच लोखंडाच्या संयुगाची असल्याने तीही विरघळते. आम्लाला चांगल्या-वाईट गंजाचा विवेक नसतो. पितळ उजळण्याची भुकटी, राख, विटकर, रांगोळी, काचकागद ही सर्व घासणारी द्रव्येही तितकीच घातक. इंग्रजी फौजेत १८व्या शतकात शिपायांना नळ्या लखलखीत ठेवाव्या लागत आणि त्या विटेच्या भुकटीने घासून घासून झिजत. १९व्या शतकात तपकिरी झिलईच्या नळ्या रूढ झाल्या तेव्हा तो चमकविण्याचा हव्यास मागे पडला.

आणखी एक गोष्ट कायद्याची आहे. नळीवर आणि चापाच्या वरच्या भागावर बंदुकीचा क्रमांक, कारखान्याचे नाव आणि परीक्षेचे ठसे कोरलेले असतात. जोराने घासल्यास ते पुसट होतात. शस्त्र अधिनियम, १९५९ च्या ८व्या कलमान्वये असे नाव वा क्रमांक पुसणे, काढणे किंवा बदलणे याला मनाई आहे. चमक आणण्याच्या नादात परवान्यावरील क्रमांक आणि बंदुकीवरील क्रमांक जुळेनासा झाला, तर सणाचा आनंद कचेरीच्या फेऱ्यांत विरून जाईल. तसेच दुरुस्तीसाठी किंवा नव्या झिलईसाठी बंदूक कोणाही ओळखीच्या लोहाराकडे किंवा मोटार दुरुस्ती करणाऱ्याकडे देऊ नये. ती परवानाधारक शस्त्रकारागिराकडेच द्यावी.

जुन्या विलायती बंदुकांच्या चापावरील भागावर निळे, जांभळे, पिवळसर ढगांसारखे रंग दिसतात. ते डाग समजून काहीजण घासून काढतात. हाडांच्या कोळशात पोलाद तापवून ते रंग मुद्दाम आणलेले असतात आणि ते निळ्या झिलईहूनही नाजूक असतात. त्याचप्रमाणे काही जुन्या नळ्यांवर पाण्याच्या लाटांसारखी नक्षी दिसते. लोखंड आणि पोलाद यांच्या पट्ट्या पिळून, जोडून त्या घडविलेल्या असतात. ती नक्षी म्हणजे मळ नव्हे, घडणीची साक्ष आहे. अशा नळीतून आजची जोरकस काडतुसे उडविणे धोक्याचे आहे, हेही येथेच सांगून ठेवतो.

नवी झिलई करावी काय

आता खरा कठीण प्रश्न. तेलाच्या थेंबाखाली पांढरे लोखंड दिसले, म्हणजे कांती तेथे उरलीच नाही. मग सबंध नळीला नवी झिलई करून घ्यावी काय?

प्रथम व्यवहाराची बाजू पाहू. दुनळी बंदुकीच्या दोन नळ्या आणि त्यांमधील पट्टी बहुधा कथिलाच्या डाखाने जोडलेल्या असतात. तप्त दाहक सोड्याच्या द्रावणात हा डाख खाल्ला जातो आणि क्षार सांध्यांत शिरून नंतर वर्षानुवर्षे आतून गंज चढवितात. म्हणून अशा नळ्यांना ही जलद रीत सर्वथा वर्ज्य. उकळून गंज मुरविण्याची जुनी संथ रीतच तिला मानवते. काम देण्यापूर्वी कारागिराला हा एक प्रश्न अवश्य विचारावा. त्याच्या उत्तरावरूनच त्याची जाण कळते. गंज सर्वत्र पसरला असला तरी पोलाद खोलवर खाल्ले गेले नसेल तर कुशल कारागीर नळ्या केवळ स्वच्छ पाण्यात उकळून तो तांबूस गंज काळा करतो आणि मऊ कुंचल्याने झाडून घेतो. पुष्कळदा तेवढ्यानेच जुनी झिलई सावरते.

बाटलीतून मिळणारे गार ब्लूइंग म्हणजे सेलेनियम आणि तांबे यांच्या क्षारांचे द्रावण. ते लावताच पोलाद काळे दिसते, परंतु तो मॅग्नेटाइट नव्हे. निराळ्याच द्रव्याचा थर असतो. तो लवकर झिजतो आणि मूळ रंगाशी क्वचितच जुळतो. नखाएवढ्या ओरखड्याला ते ठीक, सबंध नळीला नव्हे. शिवाय ते विषारी आहे. हातमोज्यांवाचून त्याला शिवू नये.

दुसरी बाजू भावनेची आहे, आणि मला ती अधिक महत्त्वाची वाटते. नवी झिलई करताना जुनी सर्व घासून काढावी लागते. कारागीर निष्णात नसेल तर कडा गोल होतात, कोरीव अक्षरे उथळ होतात. तेवढेच नव्हे. जुन्या बंदुकीची झिलई कोठे गेलेली असते ते नीट पाहावे. बंदूक हातात घेऊन रानातून चालताना जेथे मूठ धरतात, नेमका तेथील रंग उडालेला असतो. ज्या आजोबांनी चाळीस पावसाळे पिकाची राखण केली, त्यांच्या तळव्याची ती जागा आहे. देवळाच्या उंबरठ्यावरचा दगड असंख्य पावलांनी झिजून गुळगुळीत होतो. तो खराब झाला म्हणून आपण बदलीत नाही, त्याला हात लावून तोच हात कपाळाला लावतो. हाताने झिजलेली जागा आणि हेळसांडीने गंजलेली जागा यांत हाच भेद आहे. गंज हा आपला दोष, तो निपटून काढावा. झीज हा पूर्वजांचा सहवास, ती मेणाचा हात देऊन जपावी.

शास्त्रात जीर्णोद्धाराचा अर्थ जुने पाडून नवे बांधणे एवढाच नाही. जे आहे ते तगवून धरणे हाही उद्धारच होय. जेथे गंजाने पोलादच खाल्ले जात आहे तेथे नवी झिलई जरूर करावी, परवानाधारक जाणत्या हातून करावी. केवळ पाहुण्यांत शोभा दिसावी म्हणून करू नये.

पूजा कशी करावी

उरला पूजेचा विधी. भक्तिभावाने केलेली पूजाच कधी कधी शस्त्राला बाधते हे सांगताना संकोच वाटतो, परंतु सांगितले पाहिजे. कुंकू परंपरेने हळद आणि चुना यांपासून करतात. त्याची भुकटी हवेतील ओल धरते. ओल्या गंधाचे पाणी, ओल्या अक्षता, झेंडूच्या देठांतला रस, नारळाच्या पाण्यातले क्षार, पंचामृतातील दह्याची आम्लता आणि मधाचा चिकटपणा, हे सर्व नवमीपासून दशमीपर्यंत नळीवर तसेच राहिले की एका रात्रीत ठिपका धरतो. पुढच्या वर्षी जे मळभ दिसते त्याचे बीज कित्येकदा या वर्षीच्या पूजेत असते.

यावर उपाय सोपा आहे आणि त्याने भक्तीत उणेपणा येत नाही. दोन दिवस आधी, सप्तमीला, मेणाचा हात देऊन ठेवावा. पाटावर कोरडे, स्वच्छ वस्त्र घालून त्यावर बंदूक ठेवावी. गंध-कुंकू पोलादाला न लावता शेजारी मांडलेल्या सुपारीला लावावे. सुपारीत गणपती आणि कलशात वरुण आपण आवाहन करतोच, तेथे आयुधदेवतेचेही आवाहन होऊ शकते. फुले आणि माळ वस्त्रावर, बंदुकीच्या बाजूने मांडावीत. नारळ दूर वाढवावा. पंचामृताचा अभिषेक सुपारीला. निरांजन ओवाळावे, परंतु ज्योत दस्त्याजवळ नेऊ नये. पूजा झाली की घरातले कर्ते माणूस जवळ असावे आणि उत्तरपूजा लवकर करून, कोरड्या फडक्याने नळी पुसून बंदूक कुलपात ठेवावी. सबंध रात्र ती देवघरात उघडी ठेवणे ना शास्त्राला धरून, ना कायद्याला.

वर्षभराची निगा त्याहून सोपी. हात लागला की पुसावे. महिन्यातून एकदा, पावसाळ्यात पंधरा दिवसांनी, कपाट उघडून पाहावे. कपाटात ओल शोषणारी सिलिका जेलची पुडी ठेवावी. कोरड्या दिवशी थोडा वारा लागू द्यावा. कौटिल्याने आपल्या अध्यक्षाला याहून निराळे काय सांगितले होते?

वाचकहो, आज पहिली माळ. आज केवळ पारख करावी. ललितापंचमीपर्यंत मार्जन पूर्ण व्हावे, सप्तमीला मेण लागावे आणि नवमीला निश्चिंत मनाने हात जोडावेत. त्या मंद निळ्या तेजात आपले तोंड दिसणार नाही, आणि वराहमिहिराच्या सांगण्याप्रमाणे ते दिसूही नये. जे दिसेल ते घडविणाऱ्या कारागिराचे कौशल्य आणि सांभाळणाऱ्या पूर्वजाचा हात. त्यांना आधी नमस्कार करावा, मग दशमीला सीमोल्लंघनास निघावे. सर्व वाचकांचे नवरात्र मंगलमय होवो.